जीभ, डोकं, हात, हाडं: माया लोकांच्या कलेत माणसाचं शरीर असं सुटं सुटं का दिसतं?

दगडावर कोरलेलं एक चित्र आहे. एक बाई गुडघ्यांवर बसलीय. अंगावर नक्षीदार वस्त्र, गळ्यात आणि मनगटात जड दागिने, डोक्यावर उंच शिरपेच. समोर एक पुरुष भली मोठी पेटती मशाल धरून उभा आहे. आणि ती बाई स्वतःच्या जिभेला पाडलेल्या भोकातून काटे लावलेला दोर ओढून काढतेय. तोंडाभोवती रक्ताचे थेंब आहेत. खाली एका टोपलीत कागदाच्या पट्ट्या ठेवल्यात आणि दोर त्या टोपलीत पडतोय.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिला कसली तरी भयंकर शिक्षा चाललीय. पण ही कैदी नाही, ही राणी आहे. तिचं नाव काबाल शोक. मशाल धरलेला पुरुष तिचा नवरा, याश्चिलानचा राजा इत्सम्नाख बालम तिसरा. हे शहर आजच्या मेक्सिकोत, ग्वाटेमालाच्या सीमेवरच्या उसुमासिंता नदीच्या काठावर होतं. चित्रावरची तारीख आजच्या हिशोबाने इ.स. 709 च्या ऑक्टोबर महिन्यातली आहे. एका इमारतीच्या दाराच्या चौकटीवर बसवलेली ही दगडी पट्टी, म्हणजे लिंटल. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

थोडक्यात, एका राणीने स्वतःची जीभ टोचून घेतली आणि तो प्रसंग अभिमानाने आपल्या दारावर कोरून घेतला.

आपल्यापैकी बहुतेकांना माया संस्कृती दोनच गोष्टींमुळे माहितीय. एक, 2012 साली जग बुडणार म्हणून झालेला गाजावाजा. दुसरी, मेल गिब्सनचा 2006 सालचा 'अपोकॅलिप्टो' हा सिनेमा, ज्यात पिरॅमिडवर माणसांची काळीजं काढली जातात आणि मुंडकी पायऱ्यांवरून गडगडत खाली येतात. त्यामुळे माया कलेत तुटलेलं डोकं, हात, हाड किंवा जीभ दिसली की आपण एका शब्दात निकाल लावून टाकतो : रानटी.

पण हेच लोक शून्य वापरत होते, ग्रहणांची कोष्टकं मांडत होते आणि त्यांच्याकडे पूर्ण विकसित लिपी होती. मग त्यांच्या चित्रांत शरीराचे हे सुटे भाग सारखे का येतात? त्याचं उत्तर त्यांच्या भाषेत सापडतं. तेच समजून घेऊया.

आधी माया लोक म्हणजे नेमके कोण?

दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास, एल साल्वाडोरचा काही भाग हा मायांचा प्रदेश. त्यांचं एकच एक साम्राज्य कधीच नव्हतं. तिकाल, पालेंके, कोपान, कालाकमुल, याश्चिलान अशी अनेक शहरं होती. प्रत्येकाचा वेगळा राजा आणि आपसात सततच्या लढाया. साधारण इ.स. 250 ते 900 या काळाला अभिजात काळ म्हणतात. या लेखातली बहुतेक उदाहरणं याच काळातली आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माया लोक 'नष्ट' झालेले नाहीत. जुनी शहरं ओस पडली, पण माणसं राहिली. आजही लाखो लोक युकातेक, किचे, त्सोत्सिल अशा माया भाषा बोलतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

राणीने जीभ का टोचली?

माया लोकांची सृष्टीच्या जन्माची कथा 'पोपोल वुह' या किचे भाषेतल्या ग्रंथात आहे. देवांनी आधी चिखलाचा माणूस केला, तो विरघळला. मग लाकडाचा केला, त्याला मनच नव्हतं. शेवटी पिवळा आणि पांढरा मका दळून त्याच्या पिठापासून माणूस केला, तो टिकला.

आता यातला हिशोब बघा. माणसाचं मांस म्हणजे देवांनी दिलेला मका. म्हणजे माणूस जन्मतःच देवांचा देणेकरी. हे देणं फेडायचं तर शरीरातूनच काहीतरी द्यावं लागणार आणि सगळ्यात मौल्यवान काय, तर रक्त.

त्यासाठी ऑब्सिडियनचं, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचं पातं किंवा पाकट माशाच्या शेपटीचा काटा वापरत. बायका बहुतेक जीभ टोचत, पुरुष कान किंवा जननेंद्रिय. रक्त झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर टिपून घेत आणि तो कागद जाळत. धूर वर जायचा, म्हणजे देणं पोचलं.

ही प्रथा किती जुनी आहे? ग्वाटेमालातल्या सान बार्तोलो इथे 2001 साली सापडलेली भित्तिचित्रं इसवी सनपूर्व 100 च्या आसपासची आहेत. त्यांत झाडांपुढे उभं राहून स्वतःला टोचून घेणारे तरुण दिसतात. म्हणजे शोक राणीच्या तब्बल 800 वर्षं आधी.

याश्चिलानच्या त्याच इमारतीत आणखी एक लिंटल होतं. त्यात हीच राणी मान वर करून बघतेय. समोर रक्ताळलेल्या कागदांच्या भांड्यातून एक प्रचंड सर्प उभा राहिलाय आणि त्याच्या जबड्यातून हत्यारबंद योद्धा बाहेर येतोय. राणीने रक्त दिलं आणि बदल्यात तिला पूर्वजांचं किंवा देवाचं दर्शन झालं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जीभ टोचून घेणं हे गरिबावर लादलेलं काम नव्हतं. राजघराण्याने ते स्वतः करायचं असायचं. प्रजेसाठी देवांपर्यंत पोचणं हे राज्यकर्त्यांचं कर्तव्य होतं आणि 'आम्ही ते पार पाडलं' याचा दगडी पुरावा म्हणजे हे लिंटल. त्यात धर्म होता, तसं राजकारणही होतं.

डोकं म्हणजे 'मी'

या लिंटलवरच्या मजकुरात एक शब्द येतो, 'उ बाह'. 'उ' म्हणजे त्याचा किंवा तिचा. 'बाह' या शब्दाचे अर्थ मात्र एकात एक गुंतलेले आहेत : डोकं, चेहरा, शरीर, स्वतः आणि प्रतिमा.

म्हणजे राजाच्या चित्राशेजारी 'उ बाह' लिहिलं की आपण त्याचं भाषांतर 'ही त्याची प्रतिमा' असं करतो. पण माया वाचकाला त्याच शब्दात 'हा तो स्वतः' हेही ऐकू येत होतं. स्टीफन ह्यूस्टन, डेव्हिड स्टुअर्ट आणि कार्ल टाउब या तीन अभ्यासकांनी 2006 साली 'द मेमरी ऑफ बोन्स' हे पुस्तक लिहिलं. अभिजात काळातल्या मायांची शरीराबद्दलची कल्पना हाच त्याचा विषय. त्यांच्या मांडणीनुसार, दगडात कोरलेला राजा हा नुसता फोटो नव्हता. राजाच्या असण्याचाच एक अंश त्या दगडात उतरला होता.

हे लक्षात आलं की बाकी बऱ्याच गोष्टी उलगडतात. उदाहरणार्थ, माया शिल्पांत कितीतरी चेहऱ्यांचे डोळे, नाक, तोंड मुद्दाम फोडलेले आढळतात. बाकी अंग मात्र शाबूत. आपल्याकडे 'नाक कापलं' हा वाक्प्रचार आहे. तिथे शत्रूच्या पुतळ्याचं नाक फोडणं म्हणजे त्याचा श्वास, नजर आणि बोलणं बंद करणं होतं.

आणि खरंखुरं डोकं कापलं गेलं तर? कोपानच्या एका राजाचं नाव होतं वाशाक्लाहुन उबाह काविल. या नावातच 'बाह' आहे. काविल या देवाच्या 18 प्रतिमा, असा काहीसा त्याचा अर्थ. अतिशय ताकदवान राजा. कोपानमधले सुंदर, जवळजवळ सुट्या मूर्तींसारखे कोरलेले स्तंभ त्याच्याच काळातले. पण इ.स. 738 मध्ये किरिग्वा या छोट्या, त्याच्याच अंकित असलेल्या शहराच्या राजाने त्याला पकडलं आणि त्याचा शिरच्छेद केला.

किरिग्वाच्या शिलालेखांत त्यासाठी जे शब्द आहेत त्यांचा अर्थ होतो, 'त्याचं बाह कुऱ्हाडीने तोडलं गेलं'. डोकं तोडलं, आणि त्याचं 'स्वत्व'सुद्धा तोडलं. त्यानंतर कोपानमध्ये बरीच वर्षं नवं स्मारक उभं राहिलं नाही. उलट किरिग्वाने दहा मीटरपेक्षा उंच स्तंभ उभारला. मायांनी कोरलेला तो सगळ्यात उंच स्तंभ मानला जातो.

चेहरा घडवायचा असतो

डोकं म्हणजेच माणूस, तर ते डोकं नीट घडवायलाही हवं. माया लोक तान्ह्या बाळांच्या डोक्याला फळ्या किंवा पट्ट्या बांधून कवटीला लांबट, मागे झुकलेला आकार देत. सापडलेल्या हजारो कवट्यांवर हे दिसतं. त्यांच्या कलेतला मक्याचा देवही असाच लांब डोक्याचा असतो, मक्याच्या कणसासारखा.

दातांचंही तेच. पुढच्या दातांना बारीक भोकं पाडून त्यांत जेड या हिरव्या दगडाचे किंवा चकाकणाऱ्या पायराइटचे तुकडे बसवत. ते चिकटवायला वापरलेल्या मिश्रणात झाडांची राळ असल्याचं तपासणीत आढळलंय. हे तुकडे हजार वर्षांनंतरही कितीतरी दातांमध्ये घट्ट बसलेले आहेत. काहींचे दात इंग्रजी 'टी' अक्षरासारखे घासलेले असत. माया लिपीत हा आकार म्हणजे 'इक', अर्थात वारा आणि श्वास. तोंड उघडलं की आतून श्वासाचं चिन्ह दिसणार!

मृतांच्या तोंडातही बऱ्याचदा जेडचा मणी ठेवत. पालेंकेचा राजा पाकाल इ.स. 683 मध्ये वारला. त्याची कबर 1952 साली पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस यांनी 'शिलालेखांच्या मंदिरा'च्या पोटात शोधून काढली. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जेडच्या शेकडो तुकड्यांचा मुखवटा होता. शरीर कुजणार, पण हिरवा, ताज्या मक्याच्या पानासारखा चेहरा राहणार, ही त्यामागची कल्पना.

हात, बोटं आणि 'एक माणूस = वीस'

आपण दहाच्या पटीत मोजतो, कारण हाताला दहा बोटं. माया लोक पायाचीही बोटं धरत, म्हणून त्यांची मोजणी विसाच्या पटीत. इथेही भाषा मदतीला येते. 'विनिक' म्हणजे माणूस. आणि आजच्या किचे भाषेत वीस या आकड्याला 'हुविनाक' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'एक माणूस'. त्यांच्या कॅलेंडरमधला वीस दिवसांचा महिना 'विनाल', तोही याच कुळातला शब्द. आपल्याकडे वीस नगांची 'कोडी' असते, तसाच व्यवहार. फरक इतकाच, की त्यांच्या आकड्याचं नावच माणूस आहे.

आकडे लिहिण्याची साधी पद्धत टिंब आणि रेघांची होती. पण थाटाच्या शिलालेखांत प्रत्येक आकड्यासाठी देवाचं डोकं कोरत. दहाचं डोकं म्हणजे मृत्यूदेवाची कवटी. मग चौदा कसा लिहायचा? चारच्या देवाचा चेहरा घ्यायचा आणि त्याला दहाचा, म्हणजे कवटीचा, हाडकुळा जबडा लावायचा. पंधरा, सोळापासून एकोणीसपर्यंत हेच. आणि शून्याच्या चेहऱ्यावर जबड्याच्या जागी आडवा हात. म्हणजे जबडा, हात हे सुटे अवयव इथे चक्क गणिताची चिन्हं आहेत.

लिपीतही हात जागोजागी आहेत. देवाला किंवा आत्म्याला बोलावणं, यासाठी 'त्साक' हे क्रियापद आहे. ते लिहायला मुठीत मासा धरलेला हात काढतात. निसटू बघणाऱ्या गोष्टीला पकडून आणणं, हे एका चित्रात सांगून झालं.

मग लिहिणाऱ्या हाताची किंमत काय असेल? याचं उत्तर बोनांपाकच्या भित्तिचित्रांत मिळतं. ही चित्रं इ.स. 790 च्या आसपासची आहेत आणि बाहेरच्या जगाला 1946 साली कळली. दुसऱ्या खोलीत लढाईनंतरचा देखावा आहे. पायऱ्यांवर कैदी बसलेत, त्यांच्या बोटांतून रक्त ठिबकतंय. एक जण मरून पडलाय. शेजारी पानांवर ठेवलेलं तोडलेलं डोकं आहे. वर राजा उभा.

बोटांचं नेमकं काय केलंय? काहींच्या मते नखं उपटलीत, काहींच्या मते बोटं मोडलीत. केविन जॉन्स्टन या अभ्यासकाने 2001 साली मांडलं, की असे कैदी शत्रूच्या दरबारातले लेखनिक असावेत. राजाची कीर्ती लिहिणारा हातच मोडला की तो राजा मुका झाला. हे मत पटो न पटो, पण त्या चित्रात रक्त नेमकं बोटांतूनच का येतंय, या प्रश्नाला त्यातून एक अर्थपूर्ण उत्तर मिळतं.

'बाक' : हाड आणि कैदी

मराठीत 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे टॅक्ससुद्धा. उच्चार एक, अर्थ दोन. माया लेखनिकांचं अशा शब्दांवर भारी प्रेम. त्यांच्या भाषेत 'बाक' म्हणजे हाड आणि 'बाक' म्हणजेच युद्धकैदी. त्यामुळे 'कैदी' लिहायचं असेल तर हाडाचं चित्र काढलेलं चालायचं.

याश्चिलानच्या त्याच राजाचा मुलगा 'पक्षी-जॅग्वार' चौथा. तो स्वतःला 'वीस कैद्यांचा धनी' म्हणवून घ्यायचा. ही पदवी कोरताना लिपीत हाडाचं चिन्ह येतं. तिकालचा राजा हसाव चान काविलच्या कबरीत कोरीव हाडं सापडली. त्यातल्या एका हाडावर बांधलेला कैदी आहे. 'बाक'वर 'बाक', असा हा दुहेरी अर्थ. दुसऱ्या एका हाडावर देव होडी वल्हवतायत आणि त्या होडीत बसून मक्याचा देव परलोकाच्या प्रवासाला निघालाय.

म्हणजे हाड हे फक्त मरणाचं चिन्ह नव्हतं. मक्याचा दाणा वाळतो, कडक होतो, जमिनीत पुरला की पुन्हा उगवतो. हाडाकडेही याच नजरेने पाहिलं जायचं.

'पोपोल वुह'मधली गोष्ट हेच सांगते. पाताळाचे स्वामी हुन हुनाहपू या वीराला मारतात आणि त्याचं डोकं झाडाला टांगतात. सुकलेलं झाड लगेच गोल, कठीण कवचाच्या फळांनी लगडतं. पाताळातल्या एका स्वामीची मुलगी श्किक ते बघायला येते. ती कवटी तिच्या तळहातावर थुंकते आणि मुलीला दिवस जातात. बाप चिडून तिचं काळीज काढून आणायचा हुकूम देतो. पण मारायला आलेल्या घुबडांनाच तिची दया येते. ती झाडाचा लाल चीक वाडग्यात गोळा करते, तो काळजासारखा गोठतो आणि घुबडं तेच 'काळीज' नेऊन देतात. तिला जुळी मुलं होतात, तीच पुढे पाताळाच्या स्वामींना हरवतात.

या एका गोष्टीत डोकं, थुंकी, तळहात, काळीज असे चार अवयव आहेत. डोकं तुटतं, पण वंश त्यातूनच पुढे जातो. काळीज मागितलं जातं, पण त्याऐवजी चीक दिला जातो.

मग नरबळी खोटा का?

नाही. सारवासारव करायचं कारण नाही. माया लोक नरबळी देत होते. पिएद्रास नेग्रासच्या एका स्तंभावर राजाच्या पायाशी छाती चिरलेला माणूस कोरलाय. चिचेन इत्साच्या चेंडू-मैदानाच्या भिंतीवर मुंडकं उडवलेला खेळाडू आहे, त्याच्या मानेतून उडणारं रक्त साप होऊन वळवळतंय. तिथेच कवट्यांच्या ओळी कोरलेला चौथरा आहे.

गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांमध्ये नेमका उलटा समज होता. माया म्हणजे ताऱ्यांकडे बघत बसणारे शांतताप्रिय पुरोहित, असं सिल्वेनस मोर्ली आणि एरिक थॉम्पसन यांच्यासारखे मोठे अभ्यासक मांडत. बोनांपाकची चित्रं सापडली आणि या समजाला तडा गेला. 1960 मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी दाखवून दिलं, की शिलालेखांत राजांचे जन्म, राज्याभिषेक आणि लढाया आहेत. 1986 मध्ये अमेरिकेत लिंडा शील आणि मेरी मिलर यांनी 'द ब्लड ऑफ किंग्ज' हे प्रदर्शन भरवलं आणि रक्त हा विषय केंद्रस्थानी आला. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. सिनेमांनी तो तिथेच अडकवून ठेवला.

चिचेन इत्साची 'पवित्र विहीर' घ्या. तिथे सुंदर कुमारिकांना फेकत, ही कथा शंभर वर्षं सांगितली गेली. विहिरीतून काढलेल्या हाडांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांत पुरुष, बायका आणि मुलं असे सगळेच निघाले.

त्याहून मोठा धक्का जून 2024 मध्ये बसला. या विहिरीजवळ 1967 साली जमिनीखालची एक टाकी सापडली होती. माया लोक पाणी साठवायला अशा टाक्या खोदत, तिला 'चुल्तुन' म्हणतात. तिच्यात शंभराहून जास्त लहान मुलांची हाडं होती. त्यातल्या 64 मुलांच्या डीएनएचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. निष्कर्ष काय? सगळीच्या सगळी 64 मुलं, मुलगे. बहुतेकांचं वय तीन ते सहा. साधारण पाव मुलं एकमेकांची जवळची नातेवाईक. आणि त्यांत चक्क एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या.

जुळी एरवी किती क्वचित जन्मतात हे लक्षात घेतलं, तर मुद्दाम निवड झाल्याशिवाय हे घडणं अवघड. 'पोपोल वुह'मधल्या त्या जुळ्या वीरांच्या कथेशी हा विधी जोडलेला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे कुमारिकांची कथा मोडीत निघाली आणि त्या जागी चार-पाच वर्षांची मुलं आली. हे वाचून बरं वाटत नाही आणि वाटूही नये. पण निदान आता आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय, ती खरी मुलं आहेत.

आणि आज?

या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. संशोधकांनी चिचेन इत्साजवळच्या तिश्काकालतुयूब या गावातल्या आजच्या माया लोकांशी त्या मुलांचा डीएनए ताडून पाहिला. नातं जुळलं. विहिरीजवळची हाडं आणि शेजारच्या गावातली माणसं यांच्यात हजार वर्षांचं अंतर आहे, पण धागा तुटलेला नाही.

तोडायचा प्रयत्न मात्र झाला. 12 जुलै 1562 रोजी युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने माया लोकांच्या मूर्ती आणि हस्तलिखितं जाळली. अशी हस्तलिखितं आज जगात फक्त चार उरली आहेत. विसाव्या शतकात ग्वाटेमालात 1960 ते 1996 असं यादवी युद्ध झालं. दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. 1999 साली सत्यशोधन आयोगाने सांगितलं, की ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते. आजही तिथे न्यायवैद्यक तज्ज्ञ सामूहिक कबरी उकरतात, डीएनए जुळवतात आणि हाडं घरच्यांच्या हाती देतात. त्या घरांसाठी हाड म्हणजे परत आलेला माणूस असतो.

मेक्सिकोच्या काम्पेचे राज्यात पोमुच नावाचं एक माया गाव आहे. तिथे मृताला पुरल्यानंतर काही वर्षांनी हाडं बाहेर काढून लाकडी पेटीत ठेवतात. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस असतो. त्याआधी घरचे लोक स्मशानात जातात, आई-बापाची, आजी-आजोबांची हाडं हातात घेऊन ब्रशने एकेक साफ करतात, त्यांच्याशी गप्पा मारतात. पेटीतलं जुनं कापड काढून नवं, भरतकाम केलेलं कापड घालतात. कवटी सगळ्यात वर ठेवतात आणि पेटी उघडी ठेवतात, म्हणजे मृताला बाहेरचं दिसत राहील.

या प्रथेला 'चो बाक' म्हणतात. हाडं साफ करणं. यातला 'बाक' हा तोच शब्द आहे, जो तेराशे वर्षांपूर्वी तिकाल आणि याश्चिलानचे लेखनिक दगडावर आणि हाडावर कोरत होते.

पोमुचच्या या पेट्यांचे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत. तुमच्या फीडमध्ये कधी आला आणि खाली कोणी 'किती भयानक' असं लिहिलेलं दिसलं, तर त्यांना एवढंच सांगा, की त्या फोटोत कोणीतरी आपल्या आजीला नवं कापड नेसवतंय.